बैलाच्या पोटाखालचा नंबर

"तो बैल मी जोडला," हे वाक्य घरी आलेला पाहुणा नीट टेकायच्या आत बाबांच्या तोंडून यायचंच. बैल म्हणजे रुआबांधा वस्तीकडच्या बागेतला लोखंडी बैल. पाटीवर नाव मात्र कुणा शिल्पकाराचं. माझा स्वभाव मुळातच संशयी, तराजूच्या काट्यावर नजर ठेवून भाजी घेणारी मी. बाबांवर तरी विश्वास का ठेवावा?

पूर्वी तिथं भंगार टाकायचा उजाड माळ होता. बाहेरून आलेल्या शिल्पकारांनी जमिनीवर खडूनं आकार काढून दिले आणि स्टील प्लँटच्या वेल्डरांनी रुळांचे तुकडे, साखळ्या, दातेरी चाकं जोडून जनावरं उभी केली. आता करंज एवढे वाढलेत की अर्धी जनावरं सावलीतच असतात.

गेल्या पोळ्याआधी बाबा रोज सकाळी पिशवीत सँडपेपर घालून निघू लागले. विचारलं तर, "फिराले चाललो." फिरायला सँडपेपर? पाणी कुठंतरी मुरत होतं. वेल्डर जोडाशेजारी पंचानं, म्हणजे पोलादी ठशानं, आपला नंबर ठोकतो. जोड सुटला तर धरायला माणूस सापडावा म्हणून. बाबाही त्याच प्लँटमधले वेल्डर; त्यांचा नंबर चौऱ्याऐंशी, त्यांच्या डब्याच्या झाकणावरही ठोकलेला. हा म्हातारा आता रंग खरवडून तिथं आपला नंबर ठोकणार, असं मी धरूनच चालले आणि एका सकाळी त्यांच्या मागोमाग गेले.

बाबा बैलाच्या पोटाखाली उकिडवे बसून दरवर्षी चढणारा रंग घासत होते. खालून जुना, गंजलेला आकडा वर आला. एकतीस.

"बाबा, हा तं तुमचा नंबर नाही." चोरी पकडल्याचा आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू.

"माहा नाहीच. माह्या जोडीदाराचा हाये. बाग खुली व्हाच्या आधीच गेला तो. मी तं नुसता तुकडे धरून उभा राहो."

"मंग मी जोडला म्हणून कावून सांगता?"

बाबांचा हात थांबला नाही. "त्यानं जोडला म्हनलं तं कोन पाहाले येते? त्याले मांगं-पुढं कोनी नाही. माह्यावर शक करून तू तं आली."

मला लाज वाटली. बाबांनी सँडपेपर फाडून अर्धा माझ्या हातात दिला. "तीनचा आकडा अजून अर्धा बुजूनच हाये. तिकडून घास."