पिशवीला दोघांचे हात

इथे आखातात दर शुक्रवारी आमच्या मराठी मंडळाची गाडी शहरातल्या अझैब्याहून दूरच्या सहम गावाकडे जाते. तिथे शेतांच्या मागे पत्र्याच्या खोल्या आहेत, कंपनी बंद पडलेले कामगार एकेका खोलीत आठ-आठ जण राहतात. त्यांना आम्ही डाळ-तांदळाची पिशवी देतो. आणि देताना फोटो काढून ग्रुपवर टाकतो, ही मंडळाची पद्धत. मला ती खुपायची, पण मी मुलाकडे राहणारी म्हातारी, बोलणार काय?

त्या दिवशी एका कोकणातल्या माणसाला मी पिशवी दिली. फोटो दुसऱ्या कुणी काढला, पण माझ्याच फोनवर, आणि ग्रुपवर मीच टाकला. तो पाठोपाठ आला. "काकी, ग्रुपवर माझ्या गावचे दोघं आहेत. घरी सांगितलंय, सुपरवायझर आहे, खोली एकट्याला आहे. बायकोने बघितलं तर खलास."

मी घाईघाईने फोटो पुसला. त्याला म्हटलं, गेला रे बाबा. परतीच्या वाटेवर शेजारच्या बाईंच्या फोनवर बघते तर फोटो तिथेच. "काकू, तो फक्त तुमच्या फोनवरून गेला. सगळ्यांसाठीचं बटण वेगळं असतं." त्या ग्रुपच्या ॲडमिन, त्यांनी सगळ्यांसाठी काढून टाकला, पण तोवर चार जणांचे अंगठे आले होते. त्यात गावचा कोण, कसं कळणार?

आठवडाभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमटीत दोनदा मीठ पडलं. सून म्हणाली, "आई, तुम्ही बसा बघू." बसवत कुठे होतं? त्याचा नंबरही घेतला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी गाडी थांबायच्या आत मी दाराला हात घातला. तो खोलीबाहेर उभा होता.

"बघितला तिने," तो म्हणाला.

मी तशीच खाली उतरले.

"फोटोत पिशवीला दोघांचे हात होते ना, काकी. मी सांगितलं, मी वाटत होतो. तुम्ही घेत होतात." मग खाली बघत, "चालेल ना?"

"चालेल की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"ती म्हणाली, म्हातारं माणूस आहे, उन्हात उभं करू नका. आत बसवा, चहा द्या."

त्याने खरंच चहा करून ठेवला होता. मी आत जाऊन त्याच्या खाटेवर बसले आणि दोन्ही हातांनी पेला घेतला. बाहेर फोटोसाठी मला हाका मारत होते. मी उठले नाही.