पालथी खाट

"त्या काळी जंगलात रोग्यांसाठी काहीच सोय नसेल ना?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. सोय होती. पन्नासच्या दशकात मी आलापल्लीच्या सडकेवरच्या एका लहान दवाखान्यात नर्स होते, आणि ती सोय मी उठता-बसता पाहिली आहे. आतल्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्तीत, कुणी गंभीर आजारी पडलं की खाट पालथी करायची. चारही पाय आभाळाकडे. त्या पायांना दोर बांधून वरून लांब बांबू घालायचा आणि पुढे एक, मागे एक असा खांद्यावर घ्यायचा. रोगी चार पायांच्या मध्ये निजतो, त्यामुळे चढ असो की नाला, घरंगळून पडत नाही. बांबूवरून लुगडं टाकलं की ऊनही लागत नाही. एका गावच्या गड्यांनी आपल्या शिवेपर्यंत न्यायचं, तिथून पुढच्या गावच्यांनी उचलायचं. त्यासाठी कुणाला हुकूम काढावा लागत नसे. ज्यांना हे अडाणीपणाचं वाटतं त्यांनी सरळ खाटेवर माणूस घालून जंगलातला एक चढ चढून दाखवावा.

पुढे शहरातल्या मोठ्या दवाखान्याला गाडी मिळाली. पांढरीशुभ्र, दोन्ही अंगांना तांबडा क्रॉस. आम्ही सगळे हरखलो, मीसुद्धा. पण ती बोलवायची कशी, रोगी कुठे आणून ठेवायचा, ड्रायव्हरने तो ओळखायचा कसा, हे ठरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या दवाखान्यात फोन नव्हता. सागाची लाकडं वाहणाऱ्या ट्रकवाल्याला थांबवायचं, त्याच्याजवळ निरोप द्यायचा आणि तो पोचेल या आशेवर बसायचं. एक नियम मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता: गाडीत मुडदा न्यायचा नाही. एकदा नेला की लोक त्यासाठीच गाडी अडवू लागतील, असं वरच्यांचं म्हणणं.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळीच एका टोल्यावरून बोलावणं आलं म्हणून मी पायवाटेने आत गेले. पहिलटकरीण पोरगी अडली होती. पोटावरून हात फिरवला आणि समजलं की मूल आडवं आहे. ते काम माझ्या हातचं नव्हतं. लाकडी नळी पोटाला लावून ऐकलं, मुलाचे ठोके छान पडत होते. शहर गाठलं तर दोन्ही जीव वाचतील, असं मी तिच्या नवऱ्याला सांगितलं. तो उठला आणि खाट पालथी करून दोर बांधायला लागला.

एका चपळ गड्याला मी निरोप देऊन पुढे सडकेवर पिटाळलं. आम्ही खाट घेऊन सडकेला लागलो तेव्हा तो मोहाच्या झाडाखाली बसलेला होता. निरोप गेला होता. इतकंच नाही, परतीच्या ट्रकवाल्याजवळ शहरातल्या डॉक्टरांनी उलट निरोपही धाडला होता: गाडी निघते आहे, सडकेवरच थांबा. खाट सावलीत टेकवली आणि आम्ही थांबलो. मी पुन्हा नळी लावली. ठोके होते, पण पहिल्यापेक्षा मंद.

पोरीच्या ओठांना कोरड पडली होती. बाजूच्या नाल्यात वाळू उकरून केलेला झिरा होता, तिथे मी फडकं भिजवायला उतरले. तेवढ्यात गाडीचा आवाज आला. वर चढून पाहते तो चौघे गडी हात वर करून उभे, आणि गाडी हळू झालेली. ड्रायव्हरने खाटेकडे पाहिलं, एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसरा कपाळाला लावला, मान झुकवली आणि धूळ उडवत निघून गेला. आमच्याच रोग्याला आणायला, आमच्यासमोरून.

नवरा माझ्याकडे वळला. "बाई, ते गाडी आपली नव्हती का?"

आधी मला काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. शहरात खाट पालथी होते ती माणूस गेल्यावर. वरून लुगडं झाकलेलं, भोवती घामाघूम झालेले चार गडी. त्याने प्रेत पाहिलं होतं. गडी हात का वर करतात, याचाही त्याने सरळ अर्थ लावला असणार, की मुडदा घेऊन चला म्हणताहेत.

नुसतं बसून राहणं कुणालाच सोसेना. गड्यांनी खाट उचलली आणि आम्ही शहराच्या दिशेने चालू लागलो. गाडी केव्हातरी मागून येईलच, असं मी त्यांना सांगितलं. ती आली ती उन्हं कलल्यावर. माझ्या दवाखान्याला कुलूप दिसलं म्हणून ड्रायव्हर पुढच्या गावी गेला होता, तिथे कुणाला काही माहीत नाही म्हणून त्याच्याही पुढच्या गावी. आता मी सडकेच्या मधोमध हात पसरून उभी राहिले. त्याला गाडी थांबवावीच लागली.

"बाजूले व्हा, बाई. मुडदा नाई नेत हे गाडी. साहेबाचा हुकूम हाये."

"मुडदा कोणता? हीच तुमची रोगी आहे."

"काऊन चेष्टा करता? जाताना पाह्यलं ना मी. खाट उलटी, वरून कपडा. नमस्कार बी केला."

"नमस्कार केलात तेवढ्यात उतरून विचारलं असतंत तर?"

तो खाली उतरला, पण लुगड्याला हात लावेना. "आधी जित्ती हाये ते दाखवा," म्हणाला. मी लुगडं ओढून फेकलं. पोरीने डोळे उघडले आणि त्याच्याकडे पाहून गोंडीत काहीतरी बोलली. गोंडी मला तेव्हा जेमतेम येत होती, पण शिवी कळायला भाषा यावी लागत नाही. गडी तोंड फिरवून हसले. ड्रायव्हर ओशाळला आणि मग त्याने स्वतःच्या हातांनी दोर सोडून तिला आत घेतलं.

माणूस भला होता, हे मला म्हणावंच लागतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. हलकट असता तर त्याला शिव्यांची लाखोली वाहून मी मोकळी झाले असते. पण ट्रकवाल्याने निरोप पोचवला होता, डॉक्टरांनी गाडी सोडली होती, ड्रायव्हर दिवसभर रोगी शोधत फिरला होता. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. कुणी कुणाला विचारलं तेवढं नव्हतं.

गाडीत नवरा पायाशी बसला होता. बांबूने त्याच्या खांद्याची साल निघाली होती. मी नळी लावून ऐकायचा प्रयत्न केला, पण इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येईना. ती घरघरच मी ठोके समजू पाहत होते. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि ती बाजूला ठेवली.

त्यांनी पोरीला वाचवलं, त्याबद्दल दुमत नाही. मूल मेलेलं निघालं. मुलगा होता. हात पुसत डॉक्टर बाहेर आले आणि नवऱ्याला म्हणाले, "बायको वाचली तुझी. पण तुम्ही लोक नेहमी असेच उशिरा आणता. थोडं आधी निघायला काय होतं?"

माझ्या तोंडचा लगामच सुटला. मोहाखालचे ठोके, नमस्कार, गाडी कुठे कुठे फिरून आली ते सगळं मी एका दमात सांगितलं. ड्रायव्हर दाराशी उभा राहून खाली पाहत होता. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "असं झालं होय," म्हणाले, "मग सिस्टर, यांना खाट सरळ धरायला नको का सांगायला?"

मी काही बोलण्याआधीच नवऱ्याने हात जोडले.

"हो जी," तो म्हणाला. "आमचंच चुकलं. आता सरळ धरू."