ताईंच्या ओठांचा डावा कोपरा

पत्रकात खोटं छापायचं नाही, हा आमच्या गटाचा नियम मीच भांडून ठरवून घेतला होता. प्रभागातले एक माननीय नगरसेवक फ्लेक्सवर प्रत्यक्षापेक्षा तरुण आणि दोन शेड गोरे दिसतात, यावर आम्ही अख्खं पत्रक काढलं होतं. त्यामुळे ताई माझ्या लॅपटॉपवरच्या स्वतःच्या प्रचाराच्या फोटोसमोर बसून "माझं तोंड नीट कर" म्हणाल्या, तेव्हा मी ताडकन नाही म्हणाले.

ताई घरकाम करणाऱ्या बायकांच्या आमच्या संघटनेच्या अध्यक्ष, आणि त्या वर्षीच्या महापालिका निवडणुकीत आमच्या अपक्ष उमेदवार. काही वर्षांपूर्वी त्यांच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला लकवा मारला. बराचसा बरा झाला. तरी बोलताना शब्द जड येतात, आणि हसल्या की ओठ उजवीकडे ओढले जातात. फोटोग्राफरने अर्थातच "हसा" म्हणून सांगितलं होतं.

"ताई, तुम्ही आहात तशाच लोकांना दिसल्या पाहिजेत," मी म्हणाले. "आजार ही काय लपवायची गोष्ट आहे? लपवायला लावणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे."

"तुला काय जातंय बोलायला? तुझं तोंड जागेवर आहे."

याला पत्रकात उत्तर देता आलं असतं.

"अगं, लोकांना वाटतं बाई पिऊन आली," त्या म्हणाल्या. "फोटो बघूनच दार लावलं तर मी बोलू कुणाशी? एकदा बोलू दे मला. पुढचं मी बघते."

मला पटलं नाही. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पण चेहरा त्यांचा होता. मी फोटोशॉपमधलं लिक्विफाय उघडलं.

त्यात एक गोल ब्रश असतो. तो दाबून सरकवला की खालचा फोटो ओल्या कणकेसारखा सरकतो. मी ओठांचा डावा कोपरा वर ढकलला, तर गाल फुगला आणि चष्म्याची फ्रेमही वाकली. ते रद्द केलं, फोटोतला चष्मा हलू नये म्हणून झाकून घेतला, ब्रश मोठा घेतला, जोर कमी केला. मोठ्या ब्रशने हळूहळू ढकललं तरच माणूस माणसासारखा राहतो. माननीयांच्या फ्लेक्सवाल्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.

"बास," ताई म्हणाल्या. "आता जाऊबाईसारखी दिसायला लागले. खाली घे थोडं."

खाली घेतलं. त्या चष्मा काढून स्क्रीनजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "छाप."

बुधवार पेठेतल्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे उचलले आणि दुसऱ्या दिवशी शनिवार पेठेत प्रचाराला निघालो. एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका निवृत्त गृहस्थांनी जाळीच्या दारातूनच पत्रक घेतलं. आधी ते पाहिलं, मग ताईंना पाहिलं.

"हा फोटो कुणाचा?"

"माझाच."

"तसं वाटत नाही."

माझं भाषण तयारच होतं. मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "मला लकवा झाला होता. फोटोतलं तोंड हिने कॉम्प्युटरवर नीट केलंय. मीच सांगितलं तिला."

मी पायरीकडे बघत उभी राहिले. एवढी मेहनत घेऊन केलेलं काम, आणि उमेदवारच पहिल्या प्रश्नाला सगळं सांगून मोकळी!

"अस्सं," गृहस्थ म्हणाले. "म्हणजे आमचं पाणीही कॉम्प्युटरवरच नीट करणार आपण."

"किती वाजता येतं पाणी तुमच्याकडे?"

"काय म्हणालात?"

शब्द अडखळला होता. मी सांगायला पुढे झाले, तर ताईंनी हाताने मला मागे सारलं आणि एकेक शब्द सुटा करत तोच प्रश्न पुन्हा विचारला. डावा कोपरा होता तिथेच, खाली. गृहस्थ आता पत्रकाकडे बघत नव्हते.

"येतं कसलं," ते म्हणाले. "पहाटे करंगळीएवढी धार. मोटार लावली तर वरचे भांडतात, नाही लावली तर बायको."

"वरच्यांचं कनेक्शन वेगळं आहे का?"

ते पुन्हा "काय?" म्हणाले, आणि ताईंनी पुन्हा विचारलं.

गृहस्थांनी जाळीची कडी काढली. "जिन्यात ऐकू येत नाही. आत या. चपला बाहेर."