नणंद, भावजय आणि बर्फाचं पाणी

गाडी शिकवणाऱ्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसण्यात उभी हयात गेल्यामुळे त्यांचा उजवा पाय त्यांचं ऐकेनासा झाला होता. घरी सोफ्यावर बसल्या असताना नवरा चहा घेऊन जरा घाईनं आला, तरी पाय जमिनीवर दाबला जायचा.

एक दिवस त्यांच्याकडे एक संशोधक मुलगी आली. वेगवेगळ्या कामांतली माणसं ताण आणि वेदना कशी सोसतात, याचा ती अभ्यास करत होती.

"कामाचा ताण येतो का तुम्हाला?"

"यायला वेळ कुठाय? मी ओरडत असते," ब्रेकबाई म्हणाल्या.

मुलीनं त्यांना जास्त ताणाच्या गटात घातलं. ब्रेकबाईंना बढती मिळाल्यासारखं वाटलं.

चाचणीच्या दिवशी मुलीच्या संस्थेतल्या एका खोलीचं कुलूप उघडेना, म्हणून ब्रेकबाईंना आणि आणखी एका बाईला एकाच खोलीत बसवावं लागलं. समोरच्या खुर्चीवर कोण, तर ब्रेकबाईंची थोरली नणंद. ती वाचनालयात कामाला होती, आणि तिला कमी ताणाच्या गटात घातलेलं होतं. त्यामुळे ती आधीच फुगून बसली होती.

"लोक पुस्तकात खूण म्हणून केळ्याची साल ठेवतात," नणंद म्हणाली. "आणि तुझ्यासारखं मला ओरडतासुद्धा येत नाही. म्हणे कमी ताण."

"ताई, तुमची पुस्तकं खांबावर तरी चढत नाहीत ना?" ब्रेकबाई गोड आवाजात म्हणाल्या.

मुलीनं दोघींपुढे बर्फाच्या पाण्याचा एकेक टब ठेवला. मनगटापर्यंत हात बुडवायचा, सोसवेनासं झालं की काढायचा. इतकं सोपं होतं.

हात बुडाले. ब्रेकबाईंच्या टाळूपर्यंत कळ गेली. त्यांनी नणंदेकडे पाहिलं. नणंद खिडकीबाहेर बघत हसत होती. मग ब्रेकबाईही हसल्या.

"पाणी जरा कोमटच आहे," नणंद म्हणाली.

"हो ना. मी म्हणणारच होते."

बोटांची जाणीव गेली. मग बोटं आहेत की नाहीत, अशी शंका येऊ लागली. मुलगी घड्याळाकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत होती. तिच्याच कपाळावर घाम आला.

"मावशी, काढा हो आता. इतका वेळ कुणीच ठेवत नाही."

"आधी ताईंना विचार."

"आधी तिला विचार."

शेवटी मुलीनं दोघींची मनगटं धरून हात स्वतःच बाहेर काढले. हात बीटासारखे लाल झाले होते. वेदना किती झाल्या, असं तिनं विचारलं. दोघी एका सुरात म्हणाल्या, "अजिबात नाही." आणि दोघींनीही हात गुपचूप काखेत घातले.

पुढच्या आठवड्यात मुलीनं त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तीच चाचणी घेतली. ब्रेकबाईंनी बोटं बुडवली आणि "आई गं" म्हणत लगेच बाहेर काढली. भिंतीपलीकडूनही तश्शीच किंकाळी आली.

ब्रेकबाई इतक्या खूश झाल्या की ओल्या हातानंच पलीकडे गेल्या. नणंद बोटांवर फुंकर घालत बसली होती.

"ताई, त्या दिवशी पण दुखलं होतं?"

"मेले होते मी," नणंद म्हणाली. "तुला?"

"डोळ्यांपुढे काजवे चमकले."

दोघी पोट धरून हसत सुटल्या. मुलीनं दारातून विचारलं, "मग मागच्या वेळचं उत्तर बदलू का?"

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या.