सहांतली झिजलेली खुर्ची

जुन्या फर्निचरच्या दुकानात लोक घ्यायला कमी आणि विचारायला जास्त येतात. पॉलिशकाका तीच ती उत्तरं न कंटाळता देत. कंटाळतील कसे? दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? अँटिक म्हणजे काय, तर शंभरी भरलेलं. मग व्हिंटेज? माझ्यासारखं, काका सांगत, वय झालेलं पण शंभरीला अवकाश असलेलं. व्हिनियर म्हणजे फसवणूक का? छे, साध्या लाकडावर उंची लाकडाचा पातळ पापुद्रा. लपवून विकला तर फसवणूक. जुनं पॉलिश खरवडावं का? मुळीच नाही. हात लागून लागून आलेली झळाळी गेली की वस्तू मेली. आणि जुनी वस्तू ओळखायची कशी? झिजेवरून. झीज खोटं बोलत नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तसं काकांनी दुकान मोडलं. पुतण्याकडे एक खोली मिळणार होती, तेव्हा घरातलं जेवणाचं टेबल आणि सहा खुर्च्याही विकायला काढल्या. अट एकच: सेट मोडायचा नाही, आणि भरल्या घरीच जायचा.

दुकानात नेहमी येणाऱ्या शाळेतल्या बाई आल्या. घरी सासू-सासरे, नवरा, दोन पोरं. सहा खुर्च्यांना सहा माणसं. त्यांनी एकेक खुर्ची उलटीपालटी करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, तुम्हीच शिकवलंत. या एकीचे हात झिजलेत, बाकी पाच कोऱ्या. सेट इकडच्या तिकडच्या खुर्च्या आणून जुळवलेला आहे ना?"

उभ्या आयुष्यात काकांना कुणी लबाड म्हटलं नव्हतं.

"एकाच सुताराच्या आहेत, एकाच दिवशी आणलेल्या. माझं लग्न ठरलं होतं तेव्हा. ते मोडलं. बाकीच्यांवर कुणी बसलंच नाही, बाई."

बाईंनी मान खाली घातली. मग सहाही घेते म्हणाल्या. फक्त, जरा अडखळत त्यांनी विचारलं, ही एक तेवढी बाकीच्यांसारखी करून मिळेल का? नाहीतर त्या वेगळ्या खुर्चीवरून पोरं रोज भांडतील.

जन्मभर लोकांना जे करू नका म्हणून दटावलं, तेच करायला काकांनी मुकाट्याने पॉलिशपेपर काढला. ऊन कलायच्या आत, खरवडून नव्याने पॉलिश चढवलेली ती खुर्ची पाचांत मिसळून गेली. आता विचारलं असतं तर त्यांनाही ओळखता आली नसती.

टेबल-खुर्च्या घेऊन टेम्पो गेला. काकांनी ताट वाढून घेतलं, सवयीने दोन पावलं खोलीच्या मधोमध गेले आणि थांबले. मग मागे फिरून ओट्याशी उभ्यानेच जेवले.