मोठी काच आणि बारकीचा उजवा हात

या गावात मोठी काच उचलावी तर दोघांनीच, आणि ती दोघं एकाच आईच्या पोटची. थोरला दादा आणि धाकटी बारकी. बाकीचे काचवाले नाहीत असं नाही. आरसे लावतात, फोटोंना फ्रेम करतात, खिडक्यांची तावदानं बसवतात. पण दुकानाच्या दर्शनी भागाची, दारापेक्षा उंच काच रस्त्यावरून आत नेऊन चौकटीत अलगद उभी करायची म्हटलं की त्यांना एकदम घरची कामं आठवतात.

बारकी नुसती नावाची बारकी. उंचीला ती दादाच्या वर आहे. दादा म्हणतो, ती टाचा उचलून चालते. यावर दादा सोडून कुणाचा विश्वास नाही.

ती या धंद्यात आली तेव्हा ठेकेदार तोंडावर म्हणाला होता, "बाईच्या हातात काच दिली म्हणजे फुटलीच समजा." दादाने उत्तर दिलं, "फुटली तर मी भरून देतो. नाही फुटली तर तुम्ही तोंड बंद ठेवायचं." आजवर बारकीच्या हातून एकही काच फुटलेली नाही. ठेकेदाराचं तोंडही अजून बंद झालेलं नाही. पण काम मात्र तो यांनाच देतो, कारण कामाशी गाठ पडली की शहाणपण गुंडाळून ठेवावं लागतं.

ही दोघं काच उचलतात ते बघण्यासारखं असतं. काचेला चिकटणाऱ्या रबरी मुठी लावायच्या, दादा पुढे, बारकी मागे. बोलायचं नाही. दादा नुसता "हं" म्हणतो आणि काच जमिनीवरून सुटते. मागच्याचा पाय अडखळला तर पुढच्याच्या मनगटाला आधी कळतं. तोंडाने सांगण्याची गरजच नसते, सगळं काचेतून येतं.

त्या दिवशी दोघं टेम्पोतून काच घेऊन निघाली होती. सिग्नलला टेम्पो उभा, आणि मागून एक मोटार धाडकन आदळली. बारकीची मान मागे गेली, पुढे आली, उजवा खांदा दारावर आपटला. दुसरा कुणी असता तर डोकं धरून बसला असता. ही उडी मारून मागे पळाली आणि आधी काच बघितली. दादाने बांधलेली काच ती, तिला साधा ओरखडा नव्हता.

मोटारवाला पांढराफटक पडला होता. "ताई, लागलं का हो तुम्हाला?"

"छे. मला काय धाड भरलीय? तुम्ही आधी पाणी प्या."

पोलीस आला. त्यालाही तिने तेच सांगितलं, मी ठणठणीत आहे. त्याने तसंच लिहून घेतलं. या घरात दुखतं म्हणायची पद्धतच नाही. आई तापाने फणफणली तरी "अंग जरा कोमट आहे" म्हणते आणि भांडी घासायला बसते. बारकी तिचीच लेक.

रात्री मान आखडली. बारकीने मलम चोळलं आणि खिडकी उघडी ठेवली, वास दादाच्या खोलीत जाऊ नये म्हणून. मग उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. चहाचा कप धरताना, कुलूप लावताना, मध्येच हात आपला नसल्यासारखा व्हायचा. ती कप डाव्या हाताने उचलायला लागली आणि कुणी बघितलं की उजव्यात घ्यायची. मोटारवाल्याच्या इन्शुरन्स कंपनीच्या माणसाने फोन करून गोड आवाजात विचारलं, "ताई, कशा आहात?" तेव्हाही ती म्हणाली, "एकदम मजेत."

पण काचेपुढे सोंग चालत नाही. एका दुकानात काच आत नेताना बारकीची बोटं बधिर झाली. ती दात आवळून चालत राहिली. पुढे दादाचा पाय थांबला.

"टेकव," दादा म्हणाला.

"चल ना, आलंच आता."

"टेकव म्हटलं ना बारके. माझ्या मनगटाला सगळं कळतंय. कधीपासून चाललंय हे?"

डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून फोटो काढला. मानेत नस दाबली गेली होती. जड उचलणं बंद, उपचार लांबणार, कदाचित ऑपरेशन. दुर्लक्ष केलं तर मूठ पुन्हा पूर्वीसारखी आवळली जाणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. बारकीने पहिला प्रश्न विचारला तो कामावर कधी जाऊ, आणि डॉक्टर दादाकडे बघून म्हणाले, "ह्यांना जरा समजवा." जशी काही ती दादाचं ऐकते.

दादाने तिला वकीलबाईंकडे नेलं. त्यांच्या ऑफिसचा काचेचा दरवाजा या दोघांनीच बसवलेला, त्यामुळे ओळख होती. वकीलबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"अपघात झाला त्याच दिवशी डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"तेव्हा दुखत नव्हतं."

"अशी दुखणी उशिराच वर येतात, म्हणून तर त्याच दिवशी जायचं असतं. पोलिसाला ठणठणीत, फोनवर एकदम मजेत. अहो, तुम्ही चांगुलपणाने बोलता आणि तो कंपनीवाला तिकडे टिपून ठेवतो." मग त्यांनी दादाचा फोन मागितला. त्याने सोशल मीडियावर बारकीचा काच उचलतानाचा व्हिडिओ टाकला होता, खाली लिहिलेलं, 'आमची वाघीण'. "हा कधी टाकलात?"

"परवा. पण आहे जुना," दादा म्हणाला. "लोक विचारत होते ना, बहीण कुठे दिसत नाही."

"काढून टाकू नका आता, लपवल्यासारखं होईल. पण नवीन काही टाकू नका. मूळ व्हिडिओ तारखेसकट सांभाळून ठेवा. कंपनीशी बोलणं माझ्यामार्फत. डॉक्टर उपचार संपले म्हणेपर्यंत तडजोडीच्या कागदावर सही नाही, कारण एकदा सही केली की नंतर ऑपरेशन निघालं तरी दार बंद. आणि ताई, दुखतं ते दुखतं म्हणायचं. त्यात लाज कसली?"

"लाज नाही हो," बारकी म्हणाली. "धंदा आहे. माझा हात थरथरतो असं एकदा बाहेर गेलं की मला कोण काच देईल? लोक वाटच बघतायत. बाई होती, मोडली, म्हणतील."

हात दुखत नाही म्हणावं तर भरपाई गेली आणि भरपाईबरोबर ऑपरेशन. दुखतो म्हणावं तर नाव गेलं. घरी परतताना दादाने टेम्पो इतका हळू चालवला की मागच्या सायकलवाल्याने घंटी वाजवली.

पुढच्याच आठवड्यात एका नव्या शोरूममध्ये दोघं चौकटीचं माप घ्यायला गेली. ठेकेदार सिमेंटच्या गोणीवर बसून चहा पीत होता. तेवढ्यात चकाचक बूट सांभाळत, वाळू चुकवत इन्शुरन्सवाला आत आला. पत्ता कुणी दिला देव जाणे.

"ताई, तुमच्याच कामासाठी आलोय. कोर्टकचेरीत वर्षं जातात. इथे सही करा, चेक तयार आहे."

"माझ्या वकीलबाईंशी बोला."

"त्यांची फी भरायची, तारखा घ्यायच्या, कशाला तो त्रास?" त्याने फोन पुढे धरला. त्यात वाघीण काच उचलत होती. मग त्याने मुद्दाम ठेकेदाराकडे वळून आवाज चढवला. "हे बघून तर हात उत्तम दिसतोय. यांच्यासमोरच सांगा ना. हात कामातून गेलाय का? हो की नाही?"

ठेकेदाराचा कप हवेतच राहिला.

दादाचं डोकं तापलं. "माझी बहीण एका हाताने—"

"दादा, तू गप्प बस," बारकी म्हणाली.

तिने उजवा हातमोजा काढला आणि हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. ती लपवायची तिला इतकी सवय झाली होती की हात आपोआप पाठीमागे जायला लागला. तिने तो परत पुढे आणला.

"हो," ती म्हणाली. "दुखतो. मान दुखते, खांदा दुखतो, रात्री झोप लागत नाही. बोटं मध्येच मरतात. मोठी काच मला आज उचलता येत नाही. तो व्हिडिओ अपघाताच्या आधीचा आहे, मूळ वकीलबाईंकडे आहे. घ्या लिहून."

"म्हणजे ही काच तू लावणार नाहीस?" ठेकेदाराने कप खाली ठेवला. "मग मला दुसरा माणूस बघावा लागेल. मी तर तेव्हाच म्हणालो होतो, बाईच्या हाताला हे—"

"थांबा थांबा. काम काढून घेताय ना? जरा मोठ्याने बोला. साहेब, हेही लिहा. हात गेला म्हणून काम गेलं, आणि तुमच्या डोळ्यांदेखत गेलं. यांच्यासमोर विचारायची हौस तुम्हालाच होती."

इन्शुरन्सवाल्याने फाइल मिटली.

"आणि तुम्ही," ती ठेकेदाराला म्हणाली, "हा बाईचा हात म्हणून नाही गेला. उभ्या टेम्पोला मागून ठोकलं म्हणून गेला. तिथे तुमची मान असती तर तीही गेली असती, मिशीसकट."

कोपऱ्यातला रंगारी हसला. ठेकेदार नाही हसला. काम गेलं ते गेलंच. ती काच पुढे चार जणांनी मिळून बसवली. बसवली म्हणायचं. डावीकडे जराशी कललेली आहे, पण बसवली.

टेम्पोत बसल्यावर बारकी खिडकीबाहेर बघत होती. तिने डोळे पुसले नाहीत, कारण डोळ्यांत पाणी आलंच नव्हतं, असं दादा सांगतो. घरी गेल्यावर आईने विचारलं, "काय गं, चेहरा का असा?" बारकी म्हणाली, "हात फार दुखतोय गं." आईने मग उशी आणून तिच्या हाताखाली ठेवली, आणि आपलेही गुडघे दुखतात म्हणाली. घरात असं बोलणं पहिल्यांदाच झालं.

आता ती व्यायामाला जाते, डॉक्टरांना सगळं सांगते, जरासुद्धा झाकत नाही. कंपनीने रक्कम वाढवून निरोप पाठवला, मग आणखी वाढवून पाठवला. बारकीने सही केलेली नाही. डॉक्टर पुरे म्हणत नाहीत तोवर करणारही नाही.

दादा सध्या तावदानं बसवतो, आरसे लावतो. मोठ्या काचेला हात लावत नाही. जोडीला चांगले दणकट गडी मिळतात, पण त्यांच्या बाजूने मनगटाला काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. लोक दुकानात येतात, मोठं काम आहे म्हणतात, बहिणीचं काही खरं नाही तर दुसरा जोडीदार बघा म्हणतात.

"तिचा हात बरा होतोय," दादा सांगतो. "तोवर थांबा. घाई असेल तर पडदा लावा."