मावशींची मरळ

मासा हातात आला की मावशी आधी त्याचा वास घ्यायच्या. मग पदराला बोटं पुसत निकाल सांगायच्या, "सकाळचा हाय." नाहीतर, "कालचा. नको."

शाळेत नोकरी केली असेल, तर अशा एखाद्या मावशी तुमच्याही पाहण्यात असतील. आमच्या जव्हारच्या शाळेत त्या रोजंदारीवर झाडलोट करायच्या. घर साखरशेतला, जमीन नाही. पाऊस सरला की नवऱ्याबरोबर ठाण्याकडे बांधकामावर जायच्या.

आमच्या प्रयोगशाळेतले बरणीतले मासे पांढरेफटक पडले होते. ओढ्यात मासे धरणारी मुलंसुद्धा त्यांना ओळखत नव्हती. म्हणून मी मरळीचं कातडं भरून फळीवर बसवायचं आणि फळी भिंतीला टांगायची ठरवलं. पुस्तकात बघून पोट चिरलं. टाके फाटले, चार दिवसांत घाण सुटली.

"मॅडम, मासे ताटातच बरे," मुख्याध्यापक म्हणाले.

मावशी झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. "बाई, भित्तीकडची बाजू चिरायची ना. तिकडं कोण बघतंय?"

पुढच्या सोमवारी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून दीड हात मरळ घेऊन आल्या. एका कुशीवर सरळ चीर दिली आणि लहान मुलाचं ओलं झबलं काढावं तसं कातडं सोडवलं. गालातलं मांससुद्धा चमच्यानं कोरून काढलं. आतून टाकणखार चोळला, लाकडाचा बारीक भुसा भरला. शिवताना मासा पाठीत वाकडा झाला.

"राहू द्या, चालेल," मी म्हटलं.

"पुन्हा करू. हात काय पळून चाललेत?"

सगळे टाके उसवले. तिसऱ्या खेपेला मासा सरळ बसला. पर पुठ्ठ्यात धरून टाचण्या लावल्या. आता तीन आठवडे वाळवायचा होता.

तेवढ्यात मावशींचा नवरा फाटकाशी आला. "चल, सगळी निघाली."

"तुम्ही व्हा पुढं. मासा वाळला का येते."

"माशासाठी थांबतेस?"

"हो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवली नाही.

मावशी थांबल्या. रोज मुंग्या झटकल्या, मांजर हाकललं. वाळून मासा मातकट झाला, तेव्हा माझी रंगपेटी घेऊन बोटानंच पाठीवर काळे पट्टे ओढले, पोट पांढरं केलं. पोशेऱ्याची एक मुलगी बघताच म्हणाली, "बाई, मरळ!" मावशी हसल्या, गाठोडं उचललं आणि एसटी गाठली.

पुढच्या पावसाळ्यात त्या परतल्या नाहीत. त्यांचा फोन आला. "माशाला बुरशी धरली का?"

"थोडीशी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या एसटीतून उतरल्या. कापसानं खवला न् खवला पुसला, वरून व्हार्निशचा हात फिरवला. चहा ठेवते म्हटलं, तर म्हणाल्या, "गाडी चुकेल." तीनच्या गाडीनं परत गेल्या.

त्यानंतर त्यांचा नंबर लागला नाही. साखरशेतला विचारलं, घराला कुलूप होतं. यंदा पावसात मी स्वतःच फळी खाली घेतली. पुसायला अख्खी दुपार गेली.